नेपाळच्या वाटेला लागण्यापूर्वी



आपल्या धर्मग्रामाच्या युवामंडळाने येत्या दिवाळीच्या सुट्टीत बारा दिवसांसाठी नेपाळला मिशनयात्रेला जाण्याचा विचार पॅरिश कौन्सिलपुढे मांडला आहे. ही बातमी एव्हाना बहुतेक घरांत पोहोचली आहे. मिस्सा सुटल्यावर आवारात त्यावर चर्चाही चालते. कोणी म्हणतात, "पोरं चांगल्या कामाला निघालीत, पैसे कमी पडायला नकोत." कोणी म्हणतात, "सहलच ही, नाव तेवढं मिशनचं." एका आजीने तर मला थेट विचारले, "फादर, आपल्या शेजारच्या पाड्यावर एवढी गरज असताना नेपाळपर्यंत कशाला?" तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तेव्हा बॅगा भरण्याआधी थोडा विचार करू या. हा लेख तयारीचा पहिला पाठ समजावा. तो जाणाऱ्यांसाठी आहे, तसाच त्यांच्या आईवडिलांसाठी आणि वर्गणी देणाऱ्यांसाठीही आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'मिशन' हा शब्द लॅटिनमधील 'पाठविणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला. आपण स्वतःहून कुठे गेलो तर ती यात्रा होते, सहल होते, अभ्यासदौराही होतो. मिशन होण्यासाठी कोणीतरी पाठवावे लागते आणि पलीकडे कोणीतरी स्वीकारावे लागते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला अॅरिस्टॉटलचा एक धडा वारंवार गिरवावा लागे : कोणत्याही कृतीचा विचार करताना ती कशासाठी, हे आधी विचारा. बारा तरुण मुले शेकडो किलोमीटर दूर जातात ती कशासाठी? उत्तर जर "आम्हांला अनुभव मिळावा म्हणून" असे असेल तर त्यात पाप काही नाही, पण मग त्याला मिशन म्हणू नये आणि त्यासाठी रविवारच्या दानपेटीकडे पाहू नये. जर्मन तत्त्वज्ञ कांटने सांगून ठेवले आहे की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. गरिबाच्या घरी जाऊन, त्याच्या पोरांबरोबर फोटो काढून, आपले मन भरून आल्याचे समाधान घेऊन परत येणे म्हणजे त्याला साधन म्हणून वापरणेच होय. आपला हेतू कितीही भाबडा असला तरी.

संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय जाणाऱ्या प्रत्येकाने घरी सावकाश वाचावा. येशू बहात्तर शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने पाठवतो. त्या सूचना नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. काय बोलावे याविषयी तेथे फार थोडे आहे. पाहुणे म्हणून कसे राहावे याविषयी मात्र पुष्कळ आहे. थैली नको, जोडे नकोत, ज्या घरात शिराल तेथेच राहा, जे पानात पडेल ते खा, चांगल्या घराच्या शोधात हे घर सोडून ते घर धरू नका. म्हणजे येशूने शिष्यांना देणारे म्हणून पाठवण्याआधी घेणारे म्हणून पाठवले. ज्याच्याकडे थैली नाही त्याला यजमानाच्या दारात हात पसरावाच लागतो. आपली मुले मात्र पाठीवर भरलेली सॅक आणि खिशात फोन घेऊन जाणार आहेत. त्यांना घेणारे होणे अधिक कठीण जाईल.

आपल्याच मातीतला मिशनरी

वसईकरांना या विषयात लांबचा दाखला शोधावा लागत नाही. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यावर जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. किशोरवयात ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि तेथे काही वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम करताना जपानी भाषा शिकले. पुढे व्यापार केला, मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले तेव्हा गोन्सालो यांना दुभाषी म्हणून बरोबर नेण्यात आले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर मोठे धर्मगुरू उभे होते, पण त्यांचे शब्द पोहोचत होते ते आपल्या वसईच्या या साध्या बंधूच्या तोंडून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आपण त्यांच्या रक्तसाक्षित्वाचा सण करतो, आणि तो करायलाच हवा. पण त्याआधीची वर्षे आपल्या प्रवचनांत फारशी येत नाहीत. परक्यांच्या तोंडून एकेक शब्द उचलत, चुकत, हसे करून घेत त्यांनी भाषा कमावली होती. ती कमाई नसती तर १५९३ साली त्यांना कोणी बोलावलेच नसते. उलट दिशेचाही दाखला आपल्याकडे आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स आपली भाषा इतकी आत्मसात करते झाले की १६१६ साली छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' आजही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने उभे आहे. १५७९ आणि १६१६ यांमधले अंतर मोजून पाहा. आपल्याकडे बारा दिवस आहेत, म्हणून आपल्या अपेक्षाही त्या मानाच्या असाव्यात. सध्याचे पोप लिओ चौदावे हेसुद्धा तरुणपणी पेरू देशात गेले ते बारा दिवसांसाठी नव्हे. त्यांनी तेथे अनेक वर्षे घालवली आणि पुढे तेथल्या एका धर्मप्रांताचे बिशप झाले.

ज्या ख्रिस्तसभेकडे आपण जातो आहोत

पुष्कळांना वाटते की नेपाळमध्ये ख्रिस्ती कोणी नाहीतच, आणि आपली मुलेच तेथे पहिला दिवा लावणार! असे मुळीच नाही. अठराव्या शतकात कपुचिन धर्मगुरू काठमांडूच्या खोऱ्यात राहत होते. १७६९ मध्ये पृथ्वीनारायण शाह यांच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्याबरोबर काही नेवार ख्रिस्ती कुटुंबेही निघाली आणि बिहारमध्ये बेतियाजवळच्या चुहडी गावात वसली. त्यानंतर जवळजवळ दोन शतके दार बंदच होते. १९५१ साली पाटण्याहून अमेरिकन येशूसंघीय फादर मार्शल मोरान यांनी काठमांडूजवळ गोदावरी येथे सेंट झेवियर्स शाळा सुरू केली. सरकारची अट होती : शिकवा, धर्मांतर करू नका. त्यांनी ती अट पाळून शाळा चालवली. (हे फादर हॅम रेडिओचे मोठे शौकीन होते आणि जगभरचे रेडिओवाले त्यांना आवाजावरून ओळखत, हे जाता जाता सांगतो. आपल्या युवामंडळातील मोबाईलवेड्यांना तेवढाच आधार!)

पुढे २००७ साली नेपाळ हा स्वतंत्र विकारिएट झाला आणि त्याला पहिले बिशप मिळाले. आज तेथे कॅथलिकांची संख्या आठ हजारांच्या आसपास आहे. आपल्या वसई धर्मप्रांतातील एखाद्या मोठ्या धर्मग्रामात याहून जास्त माणसे भरतील. २०२१ च्या नेपाळी जनगणनेत सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळून पावणेदोन टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले. साप्ताहिक सुट्टी शनिवारची असल्यामुळे बहुतेक ख्रिस्ती मंडळी उपासनेला शनिवारी जमतात. २३ मे २००९ हा असाच शनिवार होता. ललितपूरमधील धोबीघाट येथील स्वर्गोन्नयन चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि तिघांचा बळी गेला. २५ एप्रिल २०१५ हाही शनिवारच. दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळजवळ नऊ हजार माणसे दगावली आणि अनेक ठिकाणी ख्रिस्ती मंडळी त्या क्षणी प्रार्थनेसाठी एकत्र बसलेली होती. कारितास नेपाळ ही तेथील ख्रिस्तसभेची सेवासंस्था त्यानंतर वर्षानुवर्षे घरबांधणीच्या कामात गुंतली, आणि जात-धर्म न पाहता.

हे सर्व सांगायचे कारण असे : ही छोटी ख्रिस्तसभा दुबळी दिसत असली तरी तिने बॉम्ब आणि भूकंप पचवले आहेत. तिला शिकवायला आपण जात नाही. शिकायला जात आहोत, असे म्हटले तर ते शिष्टाचाराचे वाक्य वाटेल, पण मी ते अक्षरशः म्हणतो आहे.

सर्वांत गंभीर बाब

आता जे लिहितो ते जाणाऱ्यांनी दोनदा वाचावे. २०१५ च्या नेपाळी राज्यघटनेने धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे (अनुच्छेद २६). ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर करणाऱ्याला वा त्यासाठी प्रयत्न करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हेगार परदेशी असल्यास शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये पोखरा येथे गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या दोन कोरियन धर्मभगिनींना याच आरोपावरून अटक झाली. जामीन मिळेपर्यंत सुमारे दोन महिने गेले.

आपल्यापैकी काही उत्साही तरुण म्हणतील, "फादर, संत गोन्सालो क्रुसावर गेले, आणि आम्ही कायद्याला भ्यायचे?" प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर नीट देतो. रक्तसाक्षी स्वतःचे रक्त सांडतो, दुसऱ्याचे नव्हे. आपण रस्त्यात पत्रके वाटली, एखाद्या आजाऱ्याच्या घरी पैसे देऊन वर प्रार्थना करवून घेतली, तर आपण बाराव्या दिवशी गाडीत बसून घरी येऊ. पोलीस जातील ते यजमान धर्मगुरूंकडे, त्या आजाऱ्याकडे, धर्मशिक्षक असलेल्या एखाद्या गरीब शिक्षकाकडे. आपल्या बारा दिवसांच्या शौर्याची किंमत ते पुढची बारा वर्षे मोजतील. याला शौर्य म्हणता येत नाही.

शिवाय ही केवळ सावधगिरीची बाब नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले : एक ख्रिस्तसभेच्या मिशनकार्यावरचा, दुसरा धर्मस्वातंत्र्यावरचा. मिशनकार्यावरील दस्तऐवजातच स्पष्ट बजावले आहे की कोणावर श्रद्धा लादू नये, आमिष दाखवू नये, गैरमार्गाने ओढू नये. म्हणजे ही मर्यादा काठमांडूच्या सरकारने आपल्याला शिकवण्याच्या आधी आपल्याच धर्मसभेने शिकवली होती. तो कायदा मला न्याय्य वाटतो असे नाही. माणसाला आपली श्रद्धा बदलण्याचा आणि ती दुसऱ्याला सांगण्याचाही हक्क आहे, असे मी मानतो, आणि आमिषाविना कोणी मोकळेपणाने बोलले तर तो गुन्हा कसा, हा प्रश्न उरतोच. पण त्या कायद्याशी झुंजायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तेथे राहणाऱ्यांचा आहे, पाहुण्यांचा नाही.

मग आपण गप्प बसायचे का? कोणी आपणहून विचारले, "तुम्ही कोण, कशासाठी आलात?" तर खरे उत्तर द्यावे. आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्या बांधवांना भेटायला आलो आहोत. पोप सहावे पॉल यांनी १९७५ च्या आपल्या प्रबोधनपत्रात शब्दाविना दिलेल्या साक्षीला घोषणेची पहिली पायरी म्हटले आहे. त्या पायरीवर बारा दिवस नीट उभे राहता आले तरी पुष्कळ झाले.

तेथे करायचे काय?

युवामंडळाच्या पहिल्या आराखड्यात 'शाळेच्या भिंती रंगवणे' आणि 'अनाथाश्रमाला भेट' अशा दोन गोष्टी होत्या. दोन्ही मी खोडल्या. नाराजी झाली, हे मला ठाऊक आहे, म्हणून कारणे लिहितो.

भिंत रंगवणे चांगले काम आहे. पण ज्या गावात रंगारी आहे, त्या गावात बारा नवशिक्यांनी जाऊन फुकट भिंत रंगवली तर त्या रंगाऱ्याची आठवड्याची मजुरी गेली. आपण तिकिटावर जेवढे खर्च करतो, तेवढ्यात त्याने अख्खी शाळा रंगवून दिली असती, तीही ओघळ न येऊ देता. इव्हान इलिच नावाच्या धर्मगुरू-विचारवंताने १९६८ साली मेक्सिकोत काम करायला निघालेल्या अमेरिकन स्वयंसेवकांसमोर भाषण केले. त्याने त्यांना तोंडावर सांगितले की पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. त्याचे सगळे म्हणणे मला पटत नाही. येशूने शिष्यांना घरी बसा असे सांगितले नव्हते. पण ज्यांना त्याचे भाषण मुळीच बोचत नाही, त्यांनी या यात्रेला येऊ नये असे माझे मत आहे.

अनाथाश्रमाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नेपाळमधील अनेक बालगृहांत राहणाऱ्या मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे तेथे काम करणाऱ्या बालसंरक्षण संस्था कित्येक वर्षे सांगत आहेत. दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून "मुलाला शिकवतो" असे सांगून दलालांनी मुले आणायची आणि पाहुण्यांच्या देणग्यांवर घर चालवायचे, असे प्रकार उघडकीस आले. २०१५ च्या भूकंपानंतर ही भीती एवढी वाढली की सरकारला कागदपत्रांविना मुलांच्या स्थलांतरावर बंदी घालावी लागली. म्हणजे पाहुणे जितके जास्त, तितकी 'अनाथ' मुलांची मागणी जास्त. सर्वच बालगृहे अशी नसतात. प्रामाणिकपणे चालणारी आहेत, आपल्या धर्मभगिनींचीही आहेत. पण तेथेही विचार करा : मूल तीन दिवसांत तुमच्या गळ्यात पडते, चौथ्या दिवशी तुम्ही निघून जाता, पुढच्या महिन्यात दुसरा गट येतो. ज्याने आधीच आई गमावली त्याला आपण निरोप घेण्याचा सराव देत असतो.

आपल्या यजमानांनी काय मागितले ते पाहू. त्यांच्या यादीत रंगही नाही आणि सिमेंटही नाही. त्यांना हवे आहे ते असे : मुलांनी दोघादोघांच्या जोडीने घरोघरी राहावे, शनिवारच्या मिस्सेत त्यांच्या गायनमंडळाबरोबर बसावे, भूकंपानंतर घरे उभारलेल्या एका वस्तीत पायी जाऊन वृद्धांशी बोलावे, आणि तेथल्या युवकांना आपल्याकडचे छोटे ख्रिस्ती समूह कसे चालतात ते सांगावे. एवढेच. आपल्या गटात नर्सिंग शिकणाऱ्या दोघी आणि एक इलेक्ट्रिशियन आहे. त्यांनी तेथल्या माणसाच्या हाताखाली काम करावे, स्वतंत्रपणे नव्हे.

तयारी फाटकापासून

भाषेची तयारी आजपासून, आणि ती फुकट आहे. आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर, चायनीजच्या गाड्यांवर, हायवेवरच्या हॉटेलांत नेपाळी बांधव कामाला आहेत. कित्येक वर्षे आपण त्यांना सरसकट 'बहादूर' म्हणून हाक मारतो. जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला गृहपाठ हा देतो : एका नेपाळी माणसाचे खरे नाव, गाव आणि जिल्हा विचारून या. "तपाईंको नाम के हो?" एवढे वाक्य पुरते. त्याच्या घरी कोण आहे, तो शेवटचा कधी गेला, घर भूकंपात टिकले का, हे विचारा. जो आपल्या फाटकावरच्या नेपाळी माणसाशी पाच मिनिटे बोलू शकत नाही, तो नेपाळला जाऊन काय बोलणार?

नेपाळी देवनागरीत लिहितात, हे आपले भाग्य. पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतील. तिथे भात म्हणजे भातच. पण घसरायलाही जागा आहे. 'मीठो' म्हणजे खारट नव्हे, चविष्ट. मिठाला 'नुन' म्हणतात. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, तेव्हा शिक्षा मंत्रालयाची पाटी पाहून घाबरू नये. (आपल्या काही विद्यार्थ्यांना तो अर्थ योग्यच वाटेल.) आपल्या तू-तुम्ही-आपण यांसारखे तिथे तँ, तिमी, तपाईं आहे, आपण सर्वांना, लहानांनाही, तपाईंच म्हणावे. मोठ्यांना दाइ, दिदी. आईच्या वयाच्या बाईंना आमा. ख्रिस्ती लोक भेटल्यावर 'जय मसीह' म्हणतात. ताटात वाढणे थांबेना झाले की 'पुग्यो' म्हणावे. हा शब्द सर्वांत आधी पाठ करा.

उष्ट्याचा विचार तेथे काटेकोर आहे. बाटली तोंडाला न लावता पाणी प्यावे, आपल्या ताटातले दुसऱ्याला देऊ नये, आत बोलावल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरू नये. बसलेल्या माणसाला ओलांडून जाऊ नये. गाय हा तेथील राष्ट्रीय प्राणी आहे. गोमांसाचा विषय विनोदातही काढू नये. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही, त्यात अपमान मानू नये. आपण जाऊ तेव्हा तिहारचे दिवस जवळ असतील. त्यात एक दिवस कुत्र्यांना हार घालून पूजतात. यजमानांच्या शेजारघरी असे काही दिसले तर हसू नये आणि व्हिडिओही काढू नये.

व्हिडिओवरून आठवले. मुलांचे, आजाऱ्यांचे, मोडक्या घरांचे फोटो काढायचे नाहीत, आणि चर्चमध्ये येणाऱ्या नेपाळी माणसांचे तर नाहीच नाही. कलम १५८ असलेल्या देशात कोणाचा मिस्सेतला चेहरा आपण फेसबुकवर टाकला तर त्याचे काय होईल, ते आपल्याला इथे बसून कळणार नाही. गटाचा एकच कॅमेरा राहील व तो यजमान म्हणतील तेव्हाच निघेल. तसेच कोणीही प्रौढ व्यक्तीने कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटे राहायचे नाही, खाजगी भेटवस्तू द्यायची नाही, फोन नंबर घ्यायचा नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली याबाबत सर्व ख्रिस्तसभेसाठी कडक नियम घालून दिले. ते आपल्या धर्मग्रामात लागू आहेत आणि सीमेपलीकडेही.

कागदपत्रांचे थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. प्रौढांना केवळ आधार कार्डावर जाता येणार नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे सुनौलीची सीमा हा मार्ग लांब पण स्वस्त आहे, आणि माझा कल त्याकडेच आहे. आपले शंभर रुपये म्हणजे तेथील एकशे साठ. भारतीय नोटांविषयीचे नियम बदलत असतात, ते निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारावे. टायफॉईड, हेपटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसींबद्दल आपापल्या डॉक्टरांना महिनाभर आधी भेटावे. पाणी उकळलेलेच प्यावे. पावसाळ्यानंतर काठमांडूत डेंग्यू असतो, आणि धुळीमुळे दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. दमा असेल तर लपवू नये. कुत्रा किंवा माकड चावल्यास जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन पेटले, सरकार कोसळले आणि विमानतळही बंद ठेवावा लागला. म्हणून परतीच्या प्रवासाला दोन दिवसांची सवड आणि आणीबाणीचे पैसे वेगळे ठेवणार आहोत. भारतीय दूतावासाचा क्रमांक प्रत्येकाकडे कागदावर लिहिलेला असेल. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

पैशांबद्दल माझा निर्णय असा की प्रवासखर्चाचा निम्मा भाग जाणाऱ्याने स्वतः कमवावा, पप्पांकडून नव्हे. उरलेल्यासाठी वर्गणी काढू. कोणाला नेपाळच्या ख्रिस्तसभेसाठी दान द्यायचे असेल तर ते वेगळ्या पाकिटात द्यावे. ते बिशप हाऊसला विचारून कायदेशीर मार्गानेच जाईल, कोणाच्या सॅकमधून नाही. तेथे कोणाच्या हातावर नोट ठेवायची नाही, कितीही दया आली तरी.

जे जाणार नाहीत त्यांच्यासाठीही काम आहे. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीला संत तेरेजा ऑफ लिझ्यू यांना मिशनकार्याच्या आश्रयदात्या म्हणून घोषित केले. एकाने अर्धे जग पालथे घातले, दुसरीने पंधराव्या वर्षी मठात प्रवेश केला आणि तेथेच प्राण सोडला. जाणाऱ्या प्रत्येकामागे आपल्या धर्मग्रामातील एक अंथरुणाला खिळलेली किंवा घराबाहेर न पडू शकणारी व्यक्ती रोज जपमाळ करील. त्या व्यक्तीला निघण्याआधी दोनदा भेटणे जाणाऱ्याला बंधनकारक आहे.

आणि आजी, पाड्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. म्हणून तयारीच्या काळात गट दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पाड्यावर जाईल, आणि परतल्यानंतर एक वर्ष जात राहील. ज्याला हे मान्य नाही त्याचे नाव यादीत राहणार नाही. पाड्यावर घरी पाहुणे म्हणून कसे बसावे, हे तेथे शिकता येईल. नेपाळमध्ये शिकलेले ऐकण्याचे कसब तेथेच वापरावे लागेल. परदेशी जाऊन गरीब दिसतो आणि आपल्या वेशीवरचा दिसत नाही, हा डोळ्यांचा एक विकार आहे, आणि तो तरुणांपेक्षा आपल्या पिढीत जास्त आहे असे माझे निरीक्षण आहे.

पहिली बैठक पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये होईल. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनीच नावे द्यावीत. येताना लूकचा दहावा अध्याय वाचून यावे, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राची एक प्रत आणावी, आणि एका नेपाळी माणसाचे नाव, गाव व जिल्हा कागदावर लिहून आणावा. आईवडिलांपैकी एकाने तरी सोबत यावे.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू